जुन्या बंदुकीची धुरकटलेली निळाई

आजोबा-पणजोबांच्या काळातील दुनळी बंदूक महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांत आजही जपून ठेवलेली आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपुष्टात आणले आणि या बंदुका पेटीत गेल्या. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करताना किंवा घरातील कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर ती पेटी उघडली जाते. तेव्हा लक्षात येते, की एके काळी पिकल्या जांभळासारखी गडद दिसणारी नळी आता बाष्प धरलेल्या काचेसारखी धुरकट झाली आहे. कोठे पांढुरके डाग, कोठे पिवळट चिकट थर, तर कोठे तांबूस ठिपके.

अशा वेळी घरातील कोणीतरी उत्साहाने पॉलिश पेपर किंवा पितळेच्या भांड्यांना लावायचे पॉलिश आणतो. तासाभरात नळी चकचकीत होते, पण निळी राहत नाही. पन्नास-शंभर वर्षांच्या साठवणुकीने जे नुकसान झाले नव्हते, ते या एका तासात होते आणि ते भरून येत नाही. वास्तविक धुरकट दिसणाऱ्या बऱ्याच बंदुकांवरील मूळ निळाई शाबूत असते. ती केवळ झाकली गेलेली असते. झाकणारा थर दूर करायचा आणि निळाईला धक्का लावायचा नाही, एवढेच हे काम आहे.

निळाई म्हणजे नेमके काय?

बंदुकीच्या पोलादावरील निळसर काळी छटा हा वरून चढवलेला रंग नव्हे. या प्रक्रियेला ब्लूइंग म्हणतात आणि मराठी शस्त्रविक्रेत्यांच्या व कारागिरांच्या बोलण्यातही तोच शब्द रुळला आहे. पोलादाच्या पृष्ठभागावरील लोखंडाचे नियंत्रित रीतीने काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करून ही छटा मिळवली जाते. एका अर्थाने तो गंजच; पण नेहमीच्या तांबड्या गंजाहून स्वभावाने वेगळा. तांबडा गंज भुसभुशीत असतो, मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा हवेला उघडा पाडतो. मॅग्नेटाइट या नावाने ओळखले जाणारे काळे ऑक्साइड मात्र धातूला घट्ट चिकटून राहते.

हा थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ७० मायक्रॉनच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे घासण्याची कोणतीही क्रिया त्याला किती महाग पडते, याची कल्पना येते. शिवाय हा थर सच्छिद्र असतो. तो स्वतः ओलाव्याला फारसा अडवू शकत नाही. आपल्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून ठेवतो आणि ते तेल गंजाला अडवते. म्हणूनच ब्लूइंग केलेली बंदूक तेलाविना ठेवली, तर तीही गंजते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निळाईची चमक निळाईतून येत नाही, ती खालच्या धातूच्या पॉलिशमधून येते. १९५५ साली बाजारात आलेल्या कोल्ट कंपनीच्या ‘पायथन’ रिव्हॉल्व्हरची आरशासारखी गडद निळाई जगभर नावाजली गेली. तिचे रहस्य रसायनापेक्षा रसायनाआधी हाताने केलेल्या पॉलिशमध्ये होते. उलट, ज्या बंदुकीची नळी मुळातच मंद, रेशमी पोताची ठेवलेली असते, ती कितीही पुसली तरी आरशासारखी होणार नाही आणि तशी होऊही नये.

एक नाव, अनेक रीती

बंदूक कोणत्या काळातील आहे, यावर तिच्या निळाईची जात ठरते आणि जातीवर उपाय ठरतो.

एक जुनी रीत गंजवण्याची. नळी अगदी स्वच्छ करून तिला सौम्य आम्लयुक्त द्रावण लावले जाते आणि दमट पेटीत ठेवून तिच्यावर तांबड्या गंजाचा बारीक थर येऊ दिला जातो. मग ती उकळत्या पाण्यात बुडवली, की तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वरचा सैल भाग मऊ तारेच्या ब्रशने झाडून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशी अनेक आवर्तने झाल्यावर खोल, मखमली काळी निळाई उतरते. उत्तम प्रतीच्या इंग्लिश दुनळी बंदुकांच्या नळ्या याच रीतीने रंगवल्या जात. उकळण्याची पायरी गाळली, तर रंग तपकिरी राहतो. जुन्या बंदुकांवर हा तपकिरी रंगही दिसतो आणि लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, लहरीदार नक्षीच्या दमास्कस नळ्यांवरही तोच खुलून दिसे.

दुसरी रीत उष्णतेची. तापवलेल्या कोळशात किंवा वितळलेल्या सोऱ्यात सुटे भाग ठेवले, की तापमानाप्रमाणे पोलादावर पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी मोरपंखी निळा रंग चढत जातो. स्क्रू, पिना, खटके अशा लहान भागांवरील तेजस्वी निळा रंग बहुधा असाच आलेला असतो. तो देखणा, पण फार नाजूक.

तिसरी रीत कारखान्यांची. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात सुटे भाग थोडा वेळ बुडवले, की एकसारखी काळी निळाई मिळते. १९३० च्या दशकापासून ही रीत पसरली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक रायफली, पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांवर तीच दिसते.

चौथी म्हणजे बाटलीत मिळणारे ‘कोल्ड ब्लू’. त्यात सहसा सेलेनियमची व तांब्याची संयुगे असतात. कापसाने लावले, की उघड्या पोलादावर काळसर थर बसतो. मात्र हा थर मॅग्नेटाइटचा नसतो, त्यामुळे तो टिकाऊ नसतो. पूर्वी कोणी अशी डागडुजी केली असेल, तर ती जागा काही वर्षांनी करडी, ढगाळ किंवा तपकिरी दिसू लागते.

धुरकटपणा येतो कोठून?

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे वाळलेले तेल. बंदुकीला हाताशी असेल ते तेल लावण्याची पद्धत घरोघरी होती. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. हिवाळ्यात नळीवर दिसणारा पांढुरका थर अनेकदा त्याचाच असतो. जुने झाले, की ते खवट होते आणि त्यात आम्ले तयार होतात. लाकडी दस्त्याला लावले जाणारे जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनने घट्ट होऊन व्हार्निशसारखे बनते. दस्ता चोळताना ते नळीवर आले आणि पुसायचे राहिले, तर वर्षानुवर्षे पिवळट, चिवट पापुद्रा राहतो. खनिज तेल व ग्रीसही दीर्घकाळ उघडे राहिले, की हलके घटक उडून जातात आणि मागे धूळ धरलेला चिकट थर उरतो.

दुसरे कारण सूक्ष्म गंज. तो नेहमी लाल दिसतोच असे नाही. निळाईच्या छिद्रांतून सुरुवातीला उगवणारा गंज इतका बारीक असतो, की दुरून पाहता केवळ तपकिरी धुके पसरल्यासारखे वाटते. हाताच्या घामातील क्षार याला मोठे निमित्त ठरतात. बंदूक दाखवण्यासाठी हातोहात फिरली आणि न पुसता पेटीत ठेवली, तर काही दिवसांत बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात. मुंबई आणि कोकणपट्टीत समुद्रावरून येणारी खारी हवा हेच काम अधिक वेगाने करते.

तिसरे कारण कातड्याचे म्यान किंवा खोळ. कमावलेल्या कातड्यात आम्ले व क्षार राहतात आणि कातडे हवेतील ओलावा शोषून घेते. अशा खोळीत वर्षानुवर्षे राहिलेल्या नळीवर खोळीच्या शिवणीची रेघसुद्धा गंजाने कोरलेली आढळते.

या तीन कारणांवर घरच्या घरी, संयमाने उपाय करता येतो. पुढच्या तीन कारणांवर तसा उपाय नाही. वापराने निळाई झिजून पोलाद उघडे पडले असेल, तर पुसून ती परत येत नाही. गंजाने पृष्ठभाग खाऊन बारीक खड्डे पडले असतील, तर प्रकाश विखुरतो आणि तो भाग कायम मंद दिसतो. तसेच काही मिश्र पोलादांवरील निळाई काही दशकांनी जांभळट-तांबूस होते. तो मळ नसून निळाईचाच बदललेला रंग असतो. त्याला घासणे म्हणजे निळाई घालवणे होय.

आधी परीक्षा, मग उपाय

बंदूक हाती घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ती रिकामी आहे याची खात्री. वर्षानुवर्षे पेटीत असलेली बंदूक रिकामीच असेल, असे कधीही गृहीत धरू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून, चापापासून बोट दूर ठेवून बंदूक उघडावी आणि डोळ्यांनी व बोटाने दोन्ही कक्ष तपासावेत. काडतुसे असतील, तर ती दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. बंदूक उघडत नसेल किंवा काडतूस अडकले असेल, तर जोर न लावता परवानाधारक कारागिराला कळवावे.

यानंतर स्वच्छ दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन निरीक्षण करावे. दुनळी बंदुकीत दस्त्याच्या पुढचा, नळीखालचा लाकडी भाग सहज सुटा होतो. त्याखाली झाकलेल्या नळीला हवा, घाम आणि हात फारसे लागलेले नसतात. तेथील रंग म्हणजे मूळ निळाईचा नमुना समजावा. बाहेरची नळी त्या रंगाच्या किती जवळ आणता येईल, याची मर्यादा तेथेच कळते.

मग एका कोपऱ्यात, फारसे दिसणार नाही अशा जागी, बंदुकीच्या पातळ तेलाचा एक थेंब टाकून मिनिटभराने पाहावे. तेलाखाली रंग खोल व एकसारखा दिसला, तर निळाई शाबूत आहे. तेल पुसल्यावर कापडावर पिवळा किंवा तपकिरी मळ आला आणि ती जागा आजूबाजूपेक्षा गडद राहिली, तर दोष वरच्या थराचा आहे. कापड स्वच्छ राहिले आणि तेल पुसताच जागा पुन्हा पूर्वीसारखी मंद झाली, तर पृष्ठभागच झिजलेला किंवा खडबडीत झालेला आहे. तेलाखालीही पांढरट, चंदेरी धातू दिसला, तर तेथे निळाई उरलेली नाही. पाच मिनिटांच्या या परीक्षेने पुढचे बरेच अनर्थ टळतात.

याच वेळी बंदुकीचा कोणता भाग खरोखर ब्लूइंग केलेला आहे, हेही ओळखावे. अनेक इंग्लिश बंदुकांच्या यंत्रणेच्या पेटीवर निळ्या, करड्या आणि तपकिरी ढगांसारखी नक्षी असते. ती पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेतून उतरलेली असते. या ढगांना मळ समजून घासणाऱ्यांनी कित्येक बंदुका पांढऱ्या करून टाकल्या आहेत. तो भाग मऊ कापडाने पुसण्यापलीकडे काहीही करू नये.

सफाईची रीत

या कामाचा एकच नियम आहे: सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि तेवढ्याने भागले, की थांबावे. खोली हवेशीर असावी, जवळ शेगडी, दिवा किंवा विडी-सिगारेट नसावी आणि हातात रबरी मोजे असावेत. लाकडी भाग सुटे करून बाजूला ठेवावेत. सुटे करता येत नसतील, तर त्यांवर द्रावण उतरणार नाही याची काळजी घ्यावी. स्क्रू उघडण्याच्या भरीस पडू नये. जुन्या बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात आणि बाजारी स्क्रूड्रायव्हरने त्या हमखास बिघडतात.

प्रथम जुन्या, धुतलेल्या सुती कापडाने सुटी धूळ टिपून घ्यावी. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती राहिली तर पुढच्या प्रत्येक पुसण्यात ओरखडे उठतात. मग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये कापड किंचित ओले करून वीतभर भाग पुसावा. वाळलेले तेल व ग्रीस यांचा बराचसा थर येथेच सुटतो. कापडाची घडी सतत बदलत राहावे. चिवट पापुद्रा असेल, तर ओले कापड त्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. जोर लावण्यापेक्षा वेळ द्यावा. नळीवरील पट्टीच्या कडा, कोरीव नक्षी आणि अक्षरे यांतील मळ मऊ केसांच्या दातांच्या ब्रशने काढता येतो.

पुष्कळ बंदुकांचे काम या पायरीवरच संपते. कोरडे झाल्यावर नळी थोडी करडी, निस्तेज दिसेल. त्यामुळे घाबरू नये. छिद्रांतील जुने तेलही निघून गेल्याने तसे दिसते. बंदुकीचे पातळ खनिज तेल लावले, की रंगाची खोली परत येते.

सूक्ष्म गंजाचे धुके उरले असेल, तर त्या भागावर भरपूर तेल लावून बंदूक रात्रभर आडवी ठेवावी आणि सकाळी खरखरीत सुती कापडाने, तागाच्या कापडाने पुसावी. त्यानेही न हटणाऱ्या ठिपक्यांसाठी चार शून्ये क्रमांकाची, म्हणजे सर्वांत बारीक प्रतीची स्टील वूल वापरली जाते. पण काही अटींवर. ती नवी असावी, तिच्यावरील कारखान्याचे तेल टर्पेंटाइनने धुऊन काढलेले असावे, नळीवर तेल भरपूर असावे आणि दाब केवळ बोटाच्या वजनाइतका असावा. प्रत्येक चार-पाच फेऱ्यांनंतर पुसून पाहावे. तेल तांबूस होत असेल, तर गंज निघत आहे. ते काळे होऊ लागले, तर निळाई निघू लागली आहे. त्याच क्षणी हात थांबवावा. कोरडी स्टील वूल कधीही फिरवू नये. कांशाची वूल मिळाल्यास ती अधिक सुरक्षित.

उठावदार, खडा गंजाचा एखादाच फोड असेल, तर तेलात भिजवून तांब्याच्या पट्टीच्या कडेने तो खरवडता येतो. तांबे पोलादापेक्षा मऊ आणि गंजापेक्षा चिवट असल्याने फोड निघतो, पण पोलादावर ओरखडा उठत नाही. अमेरिकेतील संग्राहक याकरिता १९८२ पूर्वीची, तांब्याचे प्रमाण अधिक असलेली एक सेंटची नाणी जपून ठेवतात.

शेवटी सारे तेल पुसून अगदी पातळ थर ठेवावा. दीर्घकाळ पेटीत राहणाऱ्या बंदुकीसाठी तेलापेक्षा मेण अधिक सोयीचे. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधील संशोधनातून तयार झालेले ‘रेनेसाँ वॅक्स’ हे सूक्ष्मस्फटिकी मेण जगभरातील वस्तुसंग्रहालयांत धातूच्या वस्तूंवर वापरले जाते. ते आम्लरहित असते, वाहत नाही, धूळ धरत नाही आणि त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. मात्र मेणाखाली तेल किंवा ओलावा कोंडला, तर पुन्हा ढगाळ डाग दिसतात. म्हणून मेणापूर्वी नळी टर्पेंटाइनने पुसून पूर्ण कोरडी केलेली असावी.

हे कटाक्षाने टाळावे

- चिंच, लिंबू, व्हिनेगर: तांब्या-पितळेला उजळवणारी आम्ले काळ्या ऑक्साइडलाही विरघळवतात. जेथे लागतील तेथे निळाई जाते.
- गंज काढणारी बाजारी द्रावणे: त्यांतील बहुतेकांत आम्ल असते. त्यांना तांबड्या गंजात आणि निळाईत फरक कळत नाही.
- राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, पॉलिश पेपर, धातूचे पॉलिश: ही सारी घासून काढणारी द्रव्ये आहेत.
- विजेवर फिरणारे बफ: कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती खळगे पडतात.
- खाद्यतेले: आज चमक येते, पण काही वर्षांनी तोच थर पुन्हा धुरकटतो.
- केवळ रॉकेल: मळ निघतो, पण मागे संरक्षण उरत नाही. रॉकेलने पुसलेली बंदूक तेल न लावता ठेवू नये.

पुन्हा ब्लूइंग करावे का?

निळाई मोठ्या भागावरून गेली असेल, तर ती नव्याने चढवण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु नव्या निळाईआधी जुनी पूर्ण काढावी लागते आणि पोलाद पुन्हा पॉलिश करावे लागते. या पॉलिशमध्ये धातूचा वरचा पदर जातो. त्यासोबत निर्मात्याचे नाव, कोरीव नक्षीच्या बारीक रेषा आणि नळीवरील चाचणीचे ठसे पुसट होतात. लंडनमधील गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ साली स्थापन झाले. या संस्थांनी नळीवर उमटवलेले ठसे म्हणजे ती कोणत्या दाबाला आणि कोणत्या दारूसाठी तपासली गेली, याचा दाखला. तो पुसला, की बंदुकीची ओळख आणि तिच्या सुरक्षिततेचा पुरावा दोन्ही जातात. म्हणूनच जाणकार संग्राहक नव्याने चमकवलेल्या बंदुकीपेक्षा झिजलेली, पण मूळ निळाई असलेली बंदूक अधिक मोलाची मानतात.

दुनळी बंदुकीच्या बाबतीत एक धोका अधिक आहे. तिच्या दोन नळ्या आणि त्यांमधील पट्ट्या पुष्कळदा कथील-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात. कारखान्यातील तप्त कॉस्टिक द्रावण हा डाक खाऊन टाकते आणि पट्ट्यांखाली शिरलेले क्षार आतून गंज सुरू करतात. काही दिवसांनी पट्टी सुटते, नळ्या विलग होऊ शकतात. त्यामुळे अशा बंदुकीचे ब्लूइंग करायचेच झाले, तर ते गंजवण्याच्या जुन्या, संथ रीतीनेच करवून घ्यावे आणि कारागिराला कोणती रीत वापरणार, हे आधी स्पष्ट विचारावे. दमास्कस नळीची बंदूक तर बाहेरून कितीही सुंदर झाली, तरी तिच्यात आधुनिक काडतूस घालू नये. सफाईने रूप परत येते, ताकद परत येत नाही.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदूक जवळ बाळगण्यास जसा परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करण्यासही स्वतंत्र परवाना लागतो. तेल-पाणी, पुसणे ही धन्याची नित्याची देखभाल झाली. पण पॉलिश करून नवे ब्लूइंग करण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. बंदूक ताब्यात देताना क्रमांकासह पावती घ्यावी.

याच कायद्याचे कलम ८ या विषयाशी थेट संबंधित आहे. बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, काढणे अथवा बदलणे यास त्यात मनाई आहे. इतकेच नव्हे, तर क्रमांक पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो पुसला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. चकाकीच्या नादात पॉलिश पेपरने गेलेला क्रमांक ही अशी केवळ सौंदर्याची हानी राहत नाही. कोणतेही काम करण्यापूर्वी क्रमांक आणि सर्व ठसे यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत, ती याचसाठी.

वारसाहक्काने बंदूक आलेल्यांनी आधी परवान्याचा प्रश्न सोडवावा, सफाई नंतर. परवाना नसलेल्या वारसाने ती विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाची असते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि वारसाने आलेल्या बंदुकाही या मर्यादेत मोजल्या जातात. ‘बंदूक फार जुनी आहे, तिला परवाना कशाला’ हा समज चुकीचा आहे. जुनी असणे पुरेसे नाही. दुरुस्तीनंतरही ती बंदूक म्हणून चालू शकणार नाही अशी असेल, तरच पुराणवस्तूला सवलत मिळते. ती अवस्था स्वतः ठरवू नये, परवाना अधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी.

पावसाळ्याआधी आणि नंतर

निळाई एकदा मोकळी झाली, की ती तशी राखणे सोपे असते. लोखंडाच्या वस्तूंसाठी हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असणे हितकारक. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे घट्ट बंद होणारे, कुलूपबंद लोखंडी कपाट आणि त्यात सिलिका जेलच्या पिशव्या हा किमान बंदोबस्त हवा. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले, की ओलावा भरल्याचे कळते. मग ते सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. कातड्याची खोळ बंदुकीपासून वेगळी ठेवावी. बंदूक फडक्यात गुंडाळून ठेवण्याची सवयही सोडावी, कारण फडके ओलावा धरते.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी दोन महिन्यांनी बंदूक बाहेर काढून पाहावी. हात लागलेली प्रत्येक जागा तेलाच्या कापडाने पुसूनच ती परत ठेवावी. या कामाला पाच मिनिटे पुरतात.

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात उभे राहिले, की एक गोष्ट जाणवते. तेथील शस्त्रे नवी कोरी दिसत नाहीत. ती स्वच्छ आणि स्थिर अवस्थेत असतात. परत फिरवता येईल एवढाच हस्तक्षेप करावा, हे जतनशास्त्राचे सूत्र घरच्या बंदुकीलाही तितकेच लागू पडते. तेल पुसता येते, मेण काढता येते. घासून काढलेली निळाई परत लावता येत नाही. नळीच्या तोंडाशी आणि हाताच्या पकडीजवळ झिजून पांढरी झालेली जागा ही बहुधा ज्याने ती बंदूक वर्षानुवर्षे वाहिली, त्याच्याच हाताची खूण असते. ती तशीच राहू द्यावी.